रात्रीत बदललेलं ॲप आणि 'प्रीमियम घ्या'चा भुंगा: अपडेट कशी आवरायची, अगदी पहिल्यापासून

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाई फोन घेऊन ओट्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगं हे बघ काय झालंय, माझ्या बायका गेल्या." बायका म्हणजे भिशीच्या बायका. २२ जणी, महिन्याला हजार हजार. चार वर्षं सगळा हिशोब एका फुकटच्या ॲपमध्ये, कोणी कधी दिले, कोणाचा नंबर लागला, कोण दरवेळी उशीर करतं (ते त्या लाल रंगात लिहितात). रात्री फोन चार्जिंगला होता, वायफाय चालू होतं, ॲपने आपलं आपण अपडेट घेतलं आणि सकाळी बघतात तर पहिली पाचच नावं उघडतायत, बाकी सगळ्यांवर कुलूप, आणि कुलपावर बोट ठेवलं की सोनेरी पट्टी, प्रो घ्या, फक्त आज ७० टक्के सूट, खाली घड्याळ उलटं पळतंय. आणि दुसऱ्या दिवशी घरी हळदीकुंकू आणि भिशी एकत्र.

तेव्हापासून बिल्डिंगमधले निम्मे लोक मला फोन दाखवायला येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. ज्यांना सेटिंग म्हणजे नक्की कुठे जायचं हेही माहीत नाही त्यांच्यासाठीच आहे हे, त्यामुळे ज्यांना हे आधीच येतं त्यांनी कंटाळू नका. अँड्रॉइडबद्दल जास्त लिहिलंय कारण माझ्याकडे येणारे दहापैकी नऊ फोन तेच असतात.

आधी दोन गोष्टी समजून घ्या, मग बोट लावा

अपडेट म्हणजे एक बंद पार्सल असतं. त्यात दुरुस्ती असते, एखादी नवीन सोय असते, आणि त्याच पार्सलमध्ये नवीन जाहिरात, नवीन कुलूप, "अपग्रेड" असं चमकणारं बटणही असतं. आपल्याला त्यातलं हवं ते ठेवून नको ते परत करता येत नाही, घेतलं तर सगळं नाहीतर काहीच नाही. आणि पार्सलवर लिहिलेलं काय असतं तर "किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा". चार वर्षांचा हिशोब कुलपात घातला तोही किरकोळ सुधारणेतच.

मग लोक म्हणतात सगळीच अपडेट बंद करून टाक की. थांबा. २०१९ च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपने सगळ्यांना तातडीने अपडेट करायला सांगितलं होतं, कारण नुसता कॉल करून, तो उचललासुद्धा नाही तरी, फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवता येत होतं. पेगॅसस म्हणून जे गाजलं ते. त्यात भारतातले पत्रकार आणि वकीलही सापडले होते. ते भोक बुजवलं ते अपडेटनेच.

आता उलटी बाजू. बारकोड स्कॅनर नावाचं एक साधं ॲप होतं, १ कोटीहून जास्त लोकांनी घेतलेलं, वर्षानुवर्षं नीट चालणारं. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याचं एक अपडेट आलं आणि त्यानंतर लोकांच्या फोनवर ब्राउझर आपोआप उघडून जाहिराती यायला लागल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने ते उघडकीला आणलं, गुगलने स्टोअरमधून काढलं, पण ज्यांच्या फोनमध्ये आधीच होतं त्यांना ते स्वतःच काढावं लागलं. म्हणजे विश्वासातलं जुनं ॲप आहे म्हणून डोळे मिटून अपडेट घेणंही बरोबर नाही.

म्हणून सरसकट चालू पण नाही आणि सरसकट बंद पण नाही. ॲप बघून ठरवायचं. एकदा बसून अर्धा तास घालवला की झालं.

पायरी १: आधी पैशाचा नळ बघा

अपडेटच्या सेटिंगला हात लावायच्या आधी हे करा, कारण त्रास त्रास म्हणून आलेल्या माणसाच्या फोनमध्ये मला हमखास एखादं चालू असलेलं सबस्क्रिप्शन सापडतं जे त्याला माहीतच नसतं. शेजारच्या काकांना ॲपचा पॉपअप घालवायचा होता, त्यांनी "७ दिवस फ्री" वर दाबलं, पॉपअप गेला, काका खूश. आठव्या दिवशी पैसे कापले गेले, आणि मग पुढचे पाच महिने.

प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाचं अक्षर असलेला गोल आहे त्यावर दाबा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मध्ये जा, त्यात 'सबस्क्रिप्शन्स'. इथे जे ॲक्टिव्ह दिसेल आणि नको असेल ते रद्द करा. रद्द केलं तरी ज्या मुदतीचे पैसे भरलेत तोपर्यंत ते चालू राहतं, त्यामुळे "महिना संपू दे मग करते" असं करू नका, विसरायला होतं.

आणि हे तर भिंतीवर लिहून ठेवा: ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. काकांनी ॲप पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं होतं, पैसे तरी जातच होते.

दुसरा नळ यूपीआय ऑटोपेचा. हे २०२० च्या जुलैपासून आलंय. तुम्ही "फक्त १ रुपयात ट्रायल" म्हणून पिन टाकता तेव्हा कित्येकदा तो १ रुपया नसतो, पुढचे पैसे दर महिन्याला आपोआप कापायची परवानगी असते. तुम्ही ज्या ॲपने पैसे देता, फोनपे असो गुगल पे असो, त्यात प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' म्हणून जागा आहे, तिथे सगळी यादी दिसते, नको ते तिथूनच रद्द होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या निदान २४ तास आधी मेसेज यायला हवा आणि १५,००० रुपयांच्या आतली रक्कम असेल तर दरवेळी वेगळा पिन किंवा ओटीपी मागत नाहीत. म्हणजे तो आधीचा मेसेज हीच तुमची शेवटची संधी. तो आपण बँकेची जाहिरात समजून न वाचता पुसून टाकतो, मी पण टाकायचे.

चुकून प्ले स्टोअरमधून पैसे गेलेच असतील तर ४८ तासांच्या आत गुगलकडे रिफंड मागा, मिळण्याची शक्यता बरी असते, नंतर ॲपवाल्याच्या मागे लागावं लागतं. घरात लहान मुलं फोन घेत असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'परचेस व्हेरिफिकेशन' आहे, ते प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोट मागेल असं लावून ठेवा.

पायरी २: कागद घ्या आणि तीन ढीग करा

खरंच कागद घ्या. फोनमधली सगळी ॲप बघत जा आणि तीन यादीत लिहा.

पहिला ढीग, ज्याला अपडेट हवंच. बँकेचं ॲप, यूपीआय, व्हॉट्सॲप, ब्राउझर, ईमेल, आधार किंवा डिजिलॉकरसारखी सरकारी ॲप, आणि 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' असं विचित्र नावाचं एक असतं ते (बाकीच्या ॲपच्या आत वेबसाइटची पानं दाखवायचं काम ते करतं). यांना थांबवायचं नाही. ही जुनी ठेवण्यात धोका आहे, आणि तशीही काही दिवसांनी ती चालायचीच बंद होतात, व्हॉट्सॲपचं फार जुनं व्हर्जन तर उघडतच नाही. यात जाहिराती आल्या, व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआयचं नको ते गोल वर्तुळ आलं, तरी सहन करायचं, इलाज नाही.

दुसरा ढीग, जी ॲप घरातल्या भांड्यासारखी आहेत. कॅल्क्युलेटर, नोट्स, हिशोब, पंचांग, गाणी, फोटो गॅलरी, रेसिपी. आज जसं चालतंय तसं चाललं तर तुम्हाला काही नको असतं. यांचं अपडेट हाताने, विचार करून.

तिसरा ढीग, जी ॲप मुळात लागतच नाहीत. टॉर्चचं ॲप (फोनलाच टॉर्च आहे), क्यूआर स्कॅनर (कॅमेराच स्कॅन करतो), बॅटरी वाचवणारं, फोन 'क्लीन' करणारं, एकदा लग्नाच्या कार्डासाठी घेतलेलं. यांच्यासाठी अपडेटचा प्रश्नच नाही, काढा. काढायच्या आधी पायरी १ मधली यादी परत एकदा बघा.

माझ्या अनुभवात तिसरा ढीगच सगळ्यात मोठा निघतो आणि निम्मी कटकट तिथेच संपते.

पायरी ३: प्ले स्टोअरमधलं बटण

दोन रस्ते आहेत. मी दुसरा सांगते सगळ्यांना पण पहिलाही लिहिते.

पहिला, सगळ्यांचंच बंद. प्ले स्टोअर, वरचा गोल, 'सेटिंग्ज', 'नेटवर्क प्रेफरन्सेस', 'ऑटो-अपडेट ॲप्स', आणि 'डोन्ट ऑटो-अपडेट ॲप्स'. आता काहीच आपोआप होणार नाही, पण मग बँकेचं ॲपसुद्धा तुम्हालाच लक्षात ठेवून करावं लागेल. ज्यांना दर आठवड्याला बघायची सवय आहे त्यांनीच हे करा. आईवडिलांच्या फोनवर हे करून पुण्याला निघून जाऊ नका, सहा महिन्यांनी येऊन बघाल तर सगळं जुनं पडलेलं असेल.

दुसरा, एकेकाचं बंद. त्याच 'ऑटो-अपडेट ॲप्स' मध्ये 'ओव्हर वायफाय ओन्ली' ठेवा. मग दुसऱ्या ढिगातलं ॲप प्ले स्टोअरमध्ये शोधून त्याचं पान उघडा, वर उजवीकडे तीन टिंबं आहेत ती दाबा, 'इनेबल ऑटो अपडेट' समोर बरोबरची खूण असेल ती काढा. झालं. प्रत्येक ॲपला हे वेगळं करावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्या ढिगात दहाबारा ॲप असतील फार तर. चहा घेता घेता होतं. फोन मराठीत असेल तर शब्द मराठी दिसतील, जागा त्याच.

आता इथे एक गोम आहे जी मला स्वतःला दोन महिन्यांनी कळली. सॅमसंग, शाओमी वगैरे फोनमध्ये प्ले स्टोअरशिवाय कंपनीचं स्वतःचं पण एक स्टोअर असतं, गॅलेक्सी स्टोअर, गेटॲप्स असं. ते आपलं वेगळं अपडेट करत बसतं. तुम्ही प्ले स्टोअरमध्ये बंद केलं आणि तरी ॲप बदलतंय असं वाटलं तर ते स्टोअर उघडून त्याच्या सेटिंगमध्ये पण ऑटो अपडेट बंद करा.

पायरी ४: आयफोनवाले

तुमचं काम दोन मिनिटांचं. सेटिंग्जमध्ये खाली 'ॲप्स', त्यात 'ॲप स्टोअर', त्यात 'ॲप अपडेट्स' बंद. जुन्या आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये थेट 'ॲप स्टोअर' दिसतं. एकेका ॲपचं वेगळं करायची सोय नाही, सगळं किंवा काहीच नाही, त्यामुळे पहिल्या ढिगातलं तुम्हालाच लक्ष ठेवून करावं लागणार. सबस्क्रिप्शन बघायला सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव आहे त्यावर दाबा, आत 'सबस्क्रिप्शन्स'. फ्री ट्रायल रद्द करायची असेल तर संपायच्या निदान एक दिवस आधी करा.

पायरी ५: हाताने अपडेट करायचं म्हणजे नक्की काय करायचं

रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत. प्ले स्टोअर, वरचा गोल, 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस'. तिथे किती अपडेट बाकी आहेत ते दिसेल. 'अपडेट ऑल' हे मोठं बटण आहे त्यावर दाबायचं नाही, सगळी मेहनत वाया जाईल. शेजारी 'सी डिटेल्स' आहे ते उघडा, यादी येईल. पहिल्या ढिगातली करून टाका.

दुसऱ्या ढिगातलं अपडेट दिसलं की लगेच दाबू नका, त्या ॲपच्या पानावर जा आणि खाली लोकांचे रिव्ह्यू 'मोस्ट रिसेंट' लावून वाचा. नुसते तारे बघू नका, चार वर्षांपूर्वीचे पाच तारे काय कामाचे. गेल्या आठवड्यात पाच जणांनी "आधी चांगलं होतं, आता सगळं पेड केलं" असं लिहिलं असेल तर कळलंच. नवीन व्हर्जन बऱ्याचदा सगळ्यांना एकदम देत नाहीत, आधी थोड्या लोकांना मग बाकीच्यांना असं सोडतात, त्यामुळे तुम्ही दोन आठवडे थांबलात तर तोपर्यंत दुसऱ्यांची ओरड तुमच्यापर्यंत आलेली असते. शेजारणीच्या फोनमध्ये ॲप वेगळं दिसतं आणि तुमच्यात वेगळं, ते पण यामुळेच, फोन बिघडलेला नसतो.

त्याच पानावर 'अबाउट धिस ॲप' उघडून तळाशी गेलात की 'इन-ॲप परचेसेस' समोर किंमत असते, एवढ्यापासून एवढ्यापर्यंत. साध्या कॅल्क्युलेटरसमोर हजारांचा आकडा असेल तर ते ॲप तुमच्या पैशावर डोळा ठेवून आहे एवढं समजा. नवीन ॲप घेताना तर हे आधी बघाच.

पायरी ६: घात होऊन गेलाय, आता काय

माझ्याकडे येणारे बहुतेक इथेच असतात म्हणून थोडं सविस्तर.

जुनं व्हर्जन परत आणता येतं का? फोनबरोबर आलेलं ॲप असेल तर हो, काही प्रमाणात. त्या ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो' उघडा, वर तीन टिंबं, 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. फोन घेतला तेव्हा जसं होतं तसं होतं. २०२१ च्या मार्चमध्ये जगभरात लोकांची ॲप उघडली की बंद पडत होती, वेबव्ह्यूच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे, तेव्हा गुगलची दुरुस्ती येईपर्यंत लोकांनी हेच करून काम भागवलं होतं.

पण तुम्ही स्वतः प्ले स्टोअरमधून घेतलेलं ॲप असेल तर तिथे जुनं व्हर्जन मिळत नाही, नवीनच मिळतं. मग कोणीतरी भाचा सांगतो की अमुक साइटवरून जुनी एपीके फाइल (प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाइल) टाक. मी नवख्या माणसाला नाहीच सांगणार. एक तर जुनं टाकायला आधी नवीन काढावं लागतं आणि त्याबरोबर आतला डेटा जातो, म्हणजे ज्याच्यासाठी केलं तेच गेलं. दुसरं म्हणजे एपीके टाकायची सवयच वाईट. लग्नपत्रिका म्हणून, ट्रॅफिकचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके पाठवून लोकांची खाती साफ करण्याचे प्रकार आपल्याकडे चालूच आहेत. ज्याने एकदा "अननोन सोर्स" ला परवानगी दिली त्याचा हात दुसऱ्यांदा अडखळत नाही.

मग डेटा कसा सोडवायचा? रागाच्या भरात ॲप काढू नका, ही पहिली गोष्ट. सासूबाई काढायलाच निघाल्या होत्या. आधी ॲपच्या सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' किंवा 'बॅकअप' शोधा, एक्सेल, सीएसव्ही, पीडीएफ, जे मिळेल ते घ्या आणि स्वतःलाच ईमेल करा. काही दिसतंय पण एक्स्पोर्ट नाही, तर स्क्रीनशॉट. एक्स्पोर्टलाच कुलूप असेल, आमच्या ॲपमध्ये होतं, तर सरळ एक महिन्याचे पैसे भरा, सगळं बाहेर काढा आणि त्याच मिनिटाला सबस्क्रिप्शन रद्द करा. मला माहितीय यात हार मानल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं, १४९ रुपये देताना दात-ओठ खाल्ले. पण २२ बायकांचा चार वर्षांचा हिशोब आठवून आठवून लिहिण्यापेक्षा ते स्वस्त पडलं. फक्त वर्षाचा प्लॅन आधीच निवडलेला असतो, खाली बारीक अक्षरात महिन्याचा असतो, तो शोधून घ्या.

आणि एक कडू गोष्ट पण सांगते. ज्या ॲपचा डेटा कंपनीच्या सर्व्हरवर असतो तिथे अपडेट थांबवून काही उपयोग नाही. कंपनी तिकडूनच बटण फिरवते. एव्हरनोट हे नोट्सचं ॲप कित्येक वर्षं लोक फुकट वापरत होते, २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी फुकटच्या खात्याला ५० नोट्स आणि एकच वही अशी मर्यादा लावली. जुन्या नोट्स बघता येत होत्या, काढून घेता येत होत्या, पण मर्यादेच्या वर नवीन लिहिता येत नव्हतं. फोनमध्ये कितीही जुनं व्हर्जन ठेवा, नियम खात्याला लागतो. म्हणून दुसऱ्या ढिगातल्या ज्या ॲपमध्ये तुमचं स्वतःचं लिखाण, हिशोब, फोटो आहेत त्याचा एक्स्पोर्ट तीन महिन्यांतून एकदा घेऊन ठेवाच, आज सगळं सुरळीत असलं तरी.

पायरी ७: सारखं मागे लागणं कमी करा

नोटिफिकेशनचं सोपं आहे. "फक्त आज सूट" असं आलं की त्यावर बोट दाबून धरा, तिथेच ते कुठल्या प्रकारचं आहे ते दिसतं आणि बंद करायचं बटण येतं. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपच्या नोटिफिकेशनचे असे प्रकार पाडता येतात, त्यामुळे ऑफर बंद आणि कामाचे मेसेज चालू असं होतं. काही शहाणी ॲप दोन्ही एकाच प्रकारात घालतात, म्हणजे ऑफर बंद केली तर कामाचंही बंद. असली ॲप तिसऱ्या ढिगात ढकला, मी ढकलते.

ॲप उघडल्यावर जी पूर्ण स्क्रीनभर पाटी येते तिथे फुली बहुतेक असतेच, फक्त फिकट राखाडी आणि कोपऱ्यात, कधी पाच सेकंदांनी उगवते. घाई करू नका. "कंटिन्यू" हे मोठं रंगीत बटण पुढे जायचं नसतं, पैसे द्यायचं असतं. फोनची बॅक खूण दाबून बघा, कित्येकदा त्याने पाटी जाते. आणि ज्या ॲपला इंटरनेट लागतच नाही, पंचांग, कॅल्क्युलेटर, ते डेटा बंद करून उघडा, बऱ्याच जाहिराती येतच नाहीत.

पायरी ८: पर्याय, आणि बरेचसे फोनमध्येच आहेत

कागद स्कॅन करायला वेगळं ॲप लागत नाही. गुगल ड्राइव्ह उघडा, खाली उजवीकडे कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, कागदावर धरा, कडा आपोआप कापून पीडीएफ बनते, पानावर ॲपच्या नावाचा शिक्का न उमटता. हयातीचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचे फॉर्म, आमच्याकडे सगळं त्यावरच. आयफोनमध्ये नोट्स ॲपमध्ये हेच आहे. व्हिडिओ आणि गाण्यांना व्हीएलसी, ना जाहिरात ना प्रीमियम. हिशोबाला गुगल शीट्स.

गॅलरी, फाइल्स, कॅलेंडर अशा छोट्या कामांना फॉसिफाय नावाची ॲप आहेत, त्यांची गोष्ट या विषयाला अगदी धरून आहे. सिंपल मोबाइल टूल्स म्हणून साधी, जाहिरात नसलेली ॲप होती, सिंपल गॅलरी वगैरे, लोकांचा फार जीव होता त्यांच्यावर. २०२३ च्या शेवटी ती झिपोॲप्स या कंपनीला विकली गेली. पण त्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला होता, त्यामुळे त्यावर आधी काम केलेल्या लोकांनी तोच कोड घेऊन फॉसिफाय नावाने पुढे चालू ठेवलं. जुनं घर विकलं गेलं तरी नकाशा आपल्याकडे होता म्हणून शेजारी तसंच बांधलं, असं काहीसं. कोड खुला असणं म्हणजे काय हे मला या गोष्टीनेच कळलं, आणि आता नवीन ॲप घेताना मी 'ओपन सोर्स' लिहिलंय का ते बघते.

आणि हो, चांगल्या ॲपला पैसे द्या. ॲप बनवणाऱ्यालाही घर चालवायचं असतं, फुकट फुकट करत आपणच त्यांना जाहिरातीकडे ढकलतो. माझा राग पैसे मागण्यावर नाहीच. आधी फुकट दिलेलं काढून घेऊन, माणसाचं स्वतःचं लिहिलेलं ओलीस धरून मागण्यावर आहे.

पायरी ९: तक्रार

पुष्कळ लोकांना माहीत नाही की या फसव्या प्रकारांवर आपल्याकडे नियम आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १३ प्रकार नावानिशी दिले. सारखं मागे लागणं त्यात आहे, खोटी घाई लावणं आहे (ते उलटं पळणारं घड्याळ), सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि रद्द करणं अवघड ठेवणं आहे, आणि "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण ठेवून माणसाला लाजवणं पण आहे.

तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, मराठीत बोलता येतं. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, पॉपअपचा, किमतीचा, पैसे कापल्याच्या मेसेजचा, तारीख दिसेल असा. मग ॲपवाल्याला एक ईमेल टाका, प्ले स्टोअरच्या पानावर पत्ता असतो, आणि त्याची वाट बघून मग १९१५. प्ले स्टोअरवर रिव्ह्यू लिहाल तर नुसतं "बकवास ॲप" लिहू नका, कुठल्या अपडेटनंतर कुठली सोय गेली ते लिहा, पायरी ५ मध्ये दुसरं कोणीतरी तेच वाचणार आहे.

आमच्या ॲपवाल्यांना ईमेल करून किती महिने झाले, अजून उत्तर नाही. भिशी आता शीटमध्ये आहे, मी बनवून दिली, आणि सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं की यात उशीर करणाऱ्यांचं नाव लाल कसं करायचं.